जो आधी बोलंल त्यानं कुरवंड्याला जायचं

म्हातारा-म्हातारीच्या अबोल्याची गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. कुणी सांगतं पैज पाच पोळ्यांवरून लागली, कुणी सांगतं दाराची कडी कुणी घालायची यावरून. सांगू देत. पोळ्या नव्हत्या आणि कडीही नव्हती. ही गोष्ट मळवलीच्या शेलारांच्या घरात घडली, विजेची इंजिनं घाट चढायला लागून पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा, आणि पैज लागली ती लेकीवरून. ज्यांना पोळ्यांचीच गोष्ट हवी असेल त्यांनी खुशाल दुसरीकडं जावं.

त्या दिवशी म्हातारा-म्हातारीच्या थोरल्या लेकाच्या, बजरंगच्या, पोराचं बारसं होतं. पोर सव्वा महिन्याचं झालं तरी बिननावाचं. बाराव्या दिवशी पाळण्यात घालायचं ते विसाव्यावर गेलं, विसाव्याचं महिन्यावर गेलं, कारण बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि आत्या सहा वर्षं माहेरी फिरकली नव्हती. तोवर घरादारानं पोराला ठोंब्या म्हणायला सुरुवात केलेली. पोराची आई शालूबाई ते ऐकून नुसती दातओठ खायची.

पहाटेच धोंडाबाई चुलीपुढं बसली होती. बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे टोपात शिजत होते आणि नवरा महिपती शेजारी हात शेकत होता.

"आज तरी जावा," धोंडाबाई म्हणाली. "आठाच्या गाडीनं लोणावळ्याला उतरलात की चालत कुरवंडं किती लांब? लेकीला आन् जावयाला हाताला धरून आना. संध्याकाळी पाळणा हलवू."

"मी कशापायी जाऊ? तू जा."

"बोललं कोण त्यांना? मी?"

आता ते बोलणं काय होतं, ते सांगायलाच हवं. दिवाळसणाला जावई रुसतो हे साऱ्या मावळाला ठाऊक. त्यानं पाटावर बसायचं, ताटाला हात लावायचा नाही, भिंतीकडं तोंड करायचं. सासऱ्यानं म्हणायचं, काय हवं ते मागा. जावयानं छत्री नाहीतर अंगठी मागायची आणि मग हसतखेळत जेवायचं. झुंबरचा नवरा दत्तोबा मुळात भिडस्त गडी. मित्रांनी चार दिवस शिकवून पाठवला, तेव्हा कुठं रुसायला तयार झाला. पण बिचाऱ्याला रुसायची सवयच नाही, तो इतका मनापासून रुसला की महिपतीला वाटलं, गडी आपल्या अन्नाला नावं ठेवतोय! महिपती दिवसभर भात कापून आलेला, अंग ठणकतंय, पोटात कावळे. तो म्हणाला, "जेवायचं नसंल तर उठा. आमच्या बैलाला पोळी लय आवडती." दत्तोबा उठला. झुंबरही उठली. त्यानंतर ह्या घरचं कुणी कुरवंड्याला गेलं नाही आणि तिकडचं कुणी इकडं आलं नाही.

"मी बोललो, कबूल," महिपती म्हणाला. "पन तू काय केलंस ते सांगू का?"

"काय केलं मी? काय बी केलं न्हाई!" धोंडाबाईनं घाईघाईनं टोपात पळी घातली आणि उगाच ढवळलं. "सारखं आपलं माझ्यावर ढकलायचं. तोंड म्हनून गप ऱ्हात न्हाई तुमचं. घटकाभर तरी गप बसून दाखवा!"

"मी? अगं, तू झोपेत सुदिक बोलतीस! लाव पैज. जो आधी बोलंल त्यानं कुरवंड्याला जायचं आन् जावयाची माफी मागून दोघांना घिऊन यायचं."

"भैरोबाची आण?"

"भैरोबाची आण. खुणा न्हाईत करायच्या. मान सुदिक हलवायची न्हाई. खोकला, शिंक, जांभई माफ."

"आन् उचकी?"

"उचकी बी माफ. स्टेशनात शिट्टी वाजली की सुरू."

शिट्टी वाजली. मालगाडी धडधडत गेली. आणि शेलारांच्या घरात, जिथं कोंबड्यालाही आरवायला फट मिळत नसे, तिथं शांतता पसरली.

धोंडाबाईला वाटलं होतं, न्याहारीपर्यंत म्हातारा हरतोय. चाळीस वर्षांचा संसार होता, ती त्याला ओळखून होती. भाकरीत मीठ कमी पडलं की तो गप्प राहूच शकत नसे. म्हणून तिनं मुद्दाम भाकरी अळणी थापली, वर मिरचीचा ठेचा दुप्पट वाढला आणि समोर बसून बघत राहिली. महिपतीनं पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले, नाकातून धार लागली. त्यानं दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. तिसऱ्या घासाला धोंडाबाईच्याच पोटात हसू उकळायला लागलं.

हा तिचा जुना रोग. जिथं हसू नये तिथं तिला हटकून हसू यायचं. मयताच्या घरी गेली तरी पदर तोंडात कोंबून बसायची आणि लोकांना वाटायचं, बाईला किती दुःख झालंय! आताही तिनं पदराचा बोळा केला.

तेवढ्यात शालूबाई पोराला खांद्यावर टाकून आली. ही सून नाकासमोर चालणारी, पण जिभेला धार. सासू-सुनेचं रोज वाजायचं.

"आत्याबाई, घुगऱ्यांत गूळ किती घालू?"

धोंडाबाई गप्प.

"खोबरं आत्ताच घालू का मागनं?"

धोंडाबाई चुलीकडं बघत राहिली.

"रागावलाय व्हय? कालच्या कालवणावरनं? बरं बाई, माझंच चुकलं, मीठ जास्तच झालतं."

धोंडाबाईच्या काळजात गुदगुल्या झाल्या. सात वर्षांत ह्या सुनेनं एकदाही चूक कबूल केली नव्हती. आणि आज केली, तर हिला शब्दानं उत्तर देता येईना! चार बायकांना बोलावून ऐकवावं असा क्षण हातचा चालला होता. शालूबाईनं मग सासऱ्याकडं बघितलं. सासरा डोळ्यांतून पाणी गाळत, तोंड घट्ट मिटून बसलेला. तिनं पोराला छातीशी धरलं आणि ओरडत बाहेर पळाली.

"अवं ऐकलं का! आत्याबाई बोलंनात! मामंजी बी बोलंनात! रडाया लागल्यात!"

थोरला बजरंग गोठ्यातून शेणाच्या हातानं आला. धाकटा नथू लोणावळ्याच्या रेल्वेत कामाला होता, बारशासाठी सुट्टी काढून आलेला, तो तोंडात दातवण धरून आला. दोघांनी आई-बापाला हलवून बघितलं, डोळ्यांपुढं बोटं नाचवली. बजरंगनं तर बापाच्या कानाशी थाळीच वाजवली. महिपती दचकला, पण बोलला नाही.

"ऐकू येतंय," बजरंग म्हणाला. "वाचाच बसलीया. दोघांची एकदम!"

"आबांना मी लोणावळ्याला नेतो," नथू म्हणाला. "तितं डाक्टर हाय. पडू देत माझ्याकडं चार म्हैनं."

"आन् आये?"

"आये हितं ऱ्हाईल. माझ्या खोलीत दोघं कशी मावतील?"

"म्हंजी आबा तुझ्याकडं आन् आये माझ्याकडं?"

"मग! वाटून घ्याया नको का? न्हाईतर आये मी नेतो, आबा तू ठिव. आये सैपाक तरी करंल माझा."

"सैपाकाला व्हय रं! मुकी झाली तरी सैपाकाला पायजे ती तुला! न्हाई, आये माझ्याकडंच. आबाला ने तू."

"आबाला मी एकला का? आबा घोरतो!"

धोंडाबाईच्या पोटातलं हसू थोडं आटलं. भांडी वाटून घ्यावीत तशी लेकरं आई-बापांची वाटणी करत होती. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडं बघितलं. तोही तिच्याकडंच बघत होता. लग्न झाल्यापासून ही दोघं एका रात्रीच्या वर वेगळी राहिली नव्हती, आणि तीही एकदाच, तिचा बाप वारला तेव्हा. आता बोलावं का? एक शब्द, आणि सगळा तमाशा संपला असता. पण मग कुरवंड्याला आपण जायचं! त्यानं केलेल्या पापाला आपण नाक घासायचं! तिनं ओठ आणखी घट्ट मिटले.

आणि तेव्हा शालूबाई बोलली. हळू बोलणं तिला येतच नसे.

"खबरदार वाटणी कराल तर! दोघांना एका ठिकानी ठिवायचं, आन् ते हितंच. मी करीन दोघांचं."

"तू?" बजरंग म्हणाला. "रोज तर भांडतीस."

"भांडते! तिच्यासंगं न्हाई भांडनार तर काय तुमच्यासंगं? तुमी निस्तं हां हूं करता! सात वर्सं ही बाई माझ्या भाकरीला नावं ठिवतीया. आज सकाळधरनं एक शब्द बोलली न्हाई तर माझ्या घशाखाली पानी उतरंना." शालूबाईनं पदरानं नाक पुसलं. "आन् नथूभावजी, तुमी हितं उभं ऱ्हाऊ नका. आठाची गाडी हाय. कुरवंड्याला जावा आन् वन्संना घिऊन या. सांगा, आई-बापाची वाचा गेलीया, रागबिग ऱ्हाऊ द्या बाजूला."

"आबानं नगं म्हनून सांगितलंय," नथू चाचरला.

"आबा काय बोलतात का आता? जावा!"

नथू सदरा अर्धा घालत स्टेशनाकडं पळाला. महिपतीची मान हलायला लागली होती, ती त्यानं आण आठवून जागच्या जागी थांबवली. धोंडाबाई सुनेकडं बघत राहिली. ह्या पोरीला आपण सात वर्षं काय समजत आलो, असं तिला वाटलं, आणि ते सांगता येत नाही म्हणून ती मनातल्या मनात हात चोळत बसली.

नऊच्या सुमाराला जैनब आली. स्टेशनाजवळच्या सरदारभाईच्या किराणा दुकानाची ती मालकीण. दुकान नवऱ्याचं, सरदारचं, असलं तरी मालक कोण ते गावाला माहीत होतं. धोंडाबाईची ती लहानपणापासूनची मैत्रीण. पाळण्याला बांधायला रंगीत लोकरीचे गोंडे घेऊन आली होती. सगळी हकीकत ऐकून ती धोंडाबाईच्या अगदी पुढ्यात बसली, नाकाला नाक लावून.

"या अल्ला! धोंडे, गाल कशापायी फुगवलायस?"

धोंडाबाई दगड.

"भुवई थरथरतीया तुझी. माझ्या सासूच्या मयताला अशीच बसली व्हतीस." जैनबनं आवाज एकदम खाली आणला. "पैज हाय का गं?"

धोंडाबाईनं पापणीसुद्धा हलवली नाही, आणि तेच तिचं चुकलं. खरी आजारी बाई पापणी हलवते. जैनबच्या तोंडभर हसू पसरलं.

"बरं बरं. मला काय कळलंच न्हाई!" ती पदर सावरत उठली आणि बाहेर जाऊन गंभीरपणे म्हणाली, "बजरंगा, परकरन लय वंगाळ हाय. रखमाजीला बोलाव."

काय म्हणावं ह्या बाईला! रखमाजी गावचा देवऋषी. लिंबू, अंगारा आणि भरघोस मिशा घेऊनच तो हिंडायचा. त्यानं दोघांभोवती तीन फेऱ्या मारल्या, महिपतीचा कान हुंगला आणि सांगितलं, "दोघांवर एकच बाधा हाय. एकाची काढली की दुसऱ्याची आपसूक निघंल. मिरच्यांची धुरी द्यावी लागंल."

"कुनाला आधी?" बजरंगनं विचारलं.

"महिपतभाऊला," जैनब झटकन म्हणाली. "म्हातारा मजबूत हाय, सोसंल."

मैत्रीण असावी तर अशी! धोंडाबाईनं मनातल्या मनात तिला दहा आशीर्वाद दिले. पण धुराला मैत्रीण-वैरीण काही कळत नाही. पाच लाल मिरच्या निखाऱ्यावर पडल्या आणि पहिल्या झुळकीला धूर वळून थेट तिच्याकडं आला. मग काय विचारता! धोंडाबाई शिंकली, महिपती खोकला, बजरंग शिंकला, पोर रडायला लागलं, जैनब पदर नाकाला लावून मागच्या दारानं पळाली. स्वतः रखमाजी ठसक्यानं एवढा बेजार झाला की मंत्र म्हणता म्हणता त्याचाच आवाज बसला. तो छातीला हात लावून तोंड उघडत होता, पण आतून नुसती हवा येत होती.

"घ्या!" शालूबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "ह्यांची बी गेली वाचा!"

धोंडाबाईच्या पोटात आता हसण्यानं कळा येत होत्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हनुवटी लटलट हलतेय. तिनं समोर बघितलं तर महिपतीची तीच गत. त्याचे खांदे गदागदा हलत होते, मिशी थरथरत होती. दोघांना वाटलं, झालं, आता फुटलं! नुसतं बघून एकमेकांना हसवायचा हा खेळ ती नवी नवरी असताना दोघं खेळायची, दोघांच्या मध्ये सासू जेवायला बसलेली असायची. ते आठवल्यावर तर तिला खाली बघावंच लागलं.

आणि त्याच घटकेला बाहेर नथूचा आवाज आला, "या ताई, या!"

झुंबर दारात उभी होती. घाट-रस्त्याची धूळ गुडघ्यापर्यंत, कडेवर चार वर्षांची पोर. सहा वर्षांत ती अंगानं भरली होती. कपाळावर काळजीची एक उभी रेघ आली होती आणि ती रेघ धोंडाबाईनं पहिल्यांदाच बघितली. पोर तर तिनं पाहिलीच नव्हती. नाव तेवढं ऐकलं होतं, अनसू, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

झुंबर धावत आत आली आणि दोघांच्या मध्ये मटकन बसली. एक हात आईच्या गुडघ्यावर, एक बापाच्या.

"आये! आबा! काय झालं वं तुमाला? बोला की!"

दोघं गप्प. आता हसू कुठल्या कुठं पळालं होतं. धोंडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तुमी बोला. हरलात तरी चालंल, बोला. त्याचे डोळेही तिला तेच सांगत होते. हट्टात दोघंही एकमेकांना पुरून उरत होती.

"सा वर्सं," झुंबर म्हणाली. "सा वर्सं मी वाट बघितली. कोन येतंय का म्हनून पडवीत उभी ऱ्हायची. एक शब्द धाडला न्हाई तुमी. आन् आता मी आले तर तुमच्याकडं शब्दच न्हाई ऱ्हायला!" तिनं बापाकडं बघितलं. "आबा, तुमी बोललात त्याचं मला कायबी वाटलं न्हाई. तुमी तसलंच. बैलाला बी तसंच बोलता आन् मग त्याच्याच गळ्यात पडता. पन आये..."

धोंडाबाईनं नजर चुलीकडं वळवली.

"आये, तू हसलीस. त्यांना भरल्या ताटावरनं उठवलं आन् तू पदर तोंडाला लावून हसलीस. मी बघितलं. ह्यांनी बी बघितलं."

सहा वर्षं धोंडाबाई ही हकीकत आल्या-गेल्याला सांगत आली होती, आणि दर वेळी 'दत्तोबा उठला' इथंच थांबत होती. हसलेलं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

अनसू एवढा वेळ बोट चोखत बघत होती. तिनं आईचा पदर ओढला.

"आये, ही कोन?"

"तुझी आजी."

"ही बोलत का न्हाई?"

झुंबरनं नाक पुसलं. "ती आपल्याशी बोलत न्हाई, बाळा. तू जन्मायच्या आधीपासनं बोलत न्हाई."

"हसले गं!" धोंडाबाई मोठ्यानं म्हणाली. "हसले मी, झुंबरे! चुकलं माझं! लय चुकलं! मेलं हे तोंड माझं, नको तितं हसतंय आन् बोलायचं तवा बोलत न्हाई!" आणि तिनं लेकीला नातीसकट पोटाशी ओढलं आणि सहा वर्षांचं रडं एकदम काढलं.

घरात कुणाला काय करावं सुचेना. आणि त्या गोंधळात महिपती ताडकन उभा राहिला. गालांवरून पाण्याच्या धारा चाललेल्या, मिशी ओली, आणि एक बोट हवेत.

"हरलीस!" तो ओरडला.

मग जो काही हलकल्लोळ झाला तो सांगायला मला दुसरं प्रकरण लागेल. शालूबाईला पैज कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर तिनं हातातली पळी आपटली. "म्हंजी सकाळधरनं नाटक? आन् मी मीठ जास्त झालं म्हनून कबूल केलं?" बजरंग म्हणाला, "आन् आमी वाटन्या केल्या त्या ऐकल्या तुमी?" नथू हळूच गोठ्याकडं सटकला. रखमाजी हातानं खुणा करून सांगत होता की हा गुण आपल्या धुरीचा. जैनब मागच्या दारात पोट धरून खाली बसली होती. आणि झुंबर रागानं लाल झाली, काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि फस्सकन हसली. आईचा रोग लेकीला नसेल तर कुणाला असणार?

हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि पोरीला पुन्हा कडेवर घेतलं.

"बरं. तुमी ठनठनीत हायसा, बघून बरं वाटलं. मी निघते."

"निघते?" शालूबाई पुढं झाली. "आन् पाळना?"

"वैनी, माझ्या नवऱ्याला ह्या घरातनं उठवलंय. त्यांना मानानं बोलावल्याबिगर मी हितं पाटावर बसनार न्हाई, ठोंब्याच्या कानात नाव सांगनार न्हाई."

"ठोंब्या नका म्हनू," शालूबाई कळवळून म्हणाली.

धोंडाबाई उठली. तिनं लुगडं झटकलं, कपाळाला नवं कुंकू लावलं. "तू जायाची न्हाईस. पैज मी हरलीया, मी जाते. दीडाच्या गाडीनं. तवर शाले, ह्या दोघींना जेवू घाल." दारापर्यंत जाऊन ती थांबली. "आन् मीठ बेताचं घाल." हे बोलून तिला इतकं बरं वाटलं की काय सांगू! शालूबाईलाही वाटलं असावं. तिनं नेहमीसारखं तोंड वाकडं केलं, पण ताट घ्यायला वळली ती जवळजवळ नाचतच.

स्टेशनात धोंडाबाईनं बघितलं तर महिपती तिच्याआधी येऊन उभा. डोक्याला सणाचं पागोटं.

"तुमी कुटं?"

"हिंडाया. का? जिंकलेल्यानं घरात बसायचं असं कुटं ठरलंतं?"

लोणावळ्याला उतरून दोघं कुरवंड्याची वाट चालायला लागली. पुढं नागफणीचा सुळका उन्हात चकाकत होता. धोंडाबाईनं वाटभर जावयाला काय म्हणायचं ते पाठ केलं आणि महिपतीनं वाटभर त्यात दुरुस्त्या केल्या. "असं नगं म्हनू. आधी त्यांच्या आईची खुशाली विचार." मध्येच ती थांबली.

"खरं सांगा. तुमी बोलनार व्हतात का न्हाई? पोरगी म्हनाली तवा?"

महिपतीनं दम लागल्याचं निमित्त केलं आणि उत्तर दिलं नाही. पुढं आयुष्यभर ती विचारत राहिली आणि आयुष्यभर त्यानं ते सांगितलं नाही.

दत्तोबा ओट्यावर बसला होता. अंगात धुतलेला सदरा, पांढरं धोतर, डोक्याला पागोटं, शेजारी गाठोडं. दोघांना वाटेवर बघून तो गडबडला, उठायला गेला, मग काहीतरी आठवून पुन्हा बसला आणि त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

महिपतीनं धोंडाबाईला कोपरानं ढोसलं. धोंडाबाई पुढं झाली. वाटभर पाठ केलेलं सगळं ती विसरली होती.

"जावईबापू," ती म्हणाली, "मी हसले. तुमाला न्हाई हसले हो, मला येतंच हसू, पन ते तुमच्या ताटावर आलं. माफ करा. घरी चला."

दत्तोबाची पाठ हलली नाही. मग महिपतीनं पागोटं काढून हातात घेतलं. जिंकलेला माणूस, त्याला ह्यातलं काही करायचं कारण नव्हतं.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "तुमी रुसलात ते मला कळलंच न्हाई. काय हवं ते मागा, देतो."

दत्तोबा भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाला, "काय नगं. नथू सकाळी झुंबरला न्यायला आला, तवाच कापडं घातली म्या. वाचा गेलीया म्हनला, तरी तुमी याल असं वाटलं."

"सकाळधरनं बसलाय व्हय?" धोंडाबाई म्हणाली.

"दर दिवाळीला बसतो मामी. कापडं घालून." तो वळला. डोळे लाल, पण तोंडावर भिडस्त हसू. त्यानं वाकून दोघांच्या पायांना हात लावला आणि गाठोडं काखेत मारलं. "चला आता, सव्वापाचची चुकंल."